एलिझाबेथ सिटी काउंटी, १ जानेवारी १८६३: कंसात राहिलेले लोक

व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर, हॅम्प्टन विद्यापीठाच्या आवारात एक जुना ओक आहे. १८६१ मध्ये मेरी पीक या स्वतंत्र कृष्णवर्णीय बाईंनी पळून आलेल्या गुलामांना आणि त्यांच्या मुलांना त्याच्या सावलीत लिहायला-वाचायला शिकवलं. १८६३ मध्ये याच झाडाखाली लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा, म्हणजे यादवी युद्धात बंडखोर भागांतल्या गुलामांना मुक्त ठरवणारा हुकूम, वाचून दाखवला गेला, असं तिथली परंपरा सांगते. झाडाला आजही त्या मुक्तीचंच नाव आहे.

अडचण अशी की त्या जाहीरनाम्याने हॅम्प्टनमधल्या एकाही माणसाला मुक्त केलं नव्हतं. हॅम्प्टन तेव्हा एलिझाबेथ सिटी काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) होतं. या काउंटीचं नाव जाहीरनाम्यात आहे, पण ते वगळलेल्या भागांमध्ये. व्हर्जिनिया राज्याच्या नावापुढे कंस उघडतो आणि त्यात पश्चिम व्हर्जिनियाच्या ४८ काउंट्या येतात. त्यांच्यापाठोपाठ बर्कली, अ‍ॅकोमॅक, नॉर्थॅम्प्टन, एलिझाबेथ सिटी, यॉर्क, प्रिन्सेस अ‍ॅन आणि नॉरफोक ही नावं आहेत. हस्तलिखितात हा कंस बंद करायचाच राहून गेला. पुढच्या संपादकांनी तो भरून घेतला. या भागांबद्दल पुढे लिहिलंय की, तूर्त ते जणू हा जाहीरनामा निघालाच नाही अशा स्थितीत राहतील.

म्हणून या प्रकरणातला प्रश्न साधा आहे. २ जानेवारी १८६३ रोजी हॅम्प्टनमध्ये असलेला गुलाम कायद्याने कोण होता? गुलाम, स्वतंत्र, की तिसरंच काही?

उत्तरासाठी दीड-एक वर्ष मागे जावं लागतं. २३ मे १८६१ रोजी व्हर्जिनियाच्या मतदारांनी संघराज्यातून फुटून निघण्यावर शिक्कामोर्तब केलं. त्याच रात्री फ्रँक बेकर, जेम्स टाउनसेंड आणि शेपर्ड मॅलरी हे तीन गुलाम होडीने खाडी ओलांडून फोर्ट मन्रोला पोहोचले. त्यांचा धनी कर्नल चार्ल्स मॅलरी बंडखोरांच्या बाजूने मिलिशियात, म्हणजे राज्याच्या नागरी फौजेत होता, आणि या तिघांना समोरच्या सूएल्स पॉइंटवर तोफांचा मोर्चा बांधायच्या कामाला जुंपलं होतं. किल्ला संघराज्याच्या ताब्यात होता आणि युद्ध संपेपर्यंत तसाच राहिला. जनरल बेंजामिन बटलरने त्याचा ताबा घेऊन जेमतेम एक दिवस झाला होता.

बटलर हा मॅसॅच्युसेट्सचा वकील. गुलामीविरोधी चळवळीशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. १८६० च्या डेमोक्रॅटिक अधिवेशनात तर त्याने राष्ट्राध्यक्षपदासाठी जेफरसन डेव्हिसला, म्हणजे पुढे बंडखोरांचा अध्यक्ष झालेल्या माणसाला, मतं दिली होती. दुसऱ्या दिवशी मॅलरीच्या वतीने मेजर जॉन केरी पांढरं निशाण घेऊन आला आणि पळून आलेले गुलाम परत देण्याच्या कायद्याकडे त्याने बोट दाखवलं. बटलरच्या उत्तराचा आशय असा: व्हर्जिनिया आता परका देश आहे असं तुम्हीच म्हणता, मग अमेरिकेचा कायदा तुमच्या मदतीला कसा येईल? मॅलरीने येऊन संघराज्याशी निष्ठेची शपथ घ्यावी आणि आपली माणसं घेऊन जावीत. तोवर शत्रूच्या युद्धकामाला लावलेला माल म्हणून ती जप्त.

वकिली डाव म्हणून हा चोखच होता. पण त्याची किंमत लक्षात घ्यायला हवी. माणसं शत्रूची मालमत्ता म्हणून जप्त करायची, तर ती मालमत्ता आहेत हे आधी मान्य करावं लागतं. युद्धकाळातल्या मुक्तीच्या सगळ्या कायदेशीर बांधकामाचा पाया हाच राहिला आणि पुढच्या बहुतेक अडचणी त्यातूनच निघाल्या. जुलैअखेरीस बटलरकडे असे ९०० लोक जमले होते. त्यांतले ३०० धडधाकट पुरुष. बाकीच्यांत १७५ बायका आणि २२५ दहा वर्षांखालची मुलं. तोफांचा मोर्चा बांधणारा पुरुष युद्धोपयोगी माल ठरवता येतो, पण चार वर्षांची पोर कशी ठरवायची? बटलरने युद्धमंत्र्यांना पत्र लिहून हेच विचारलं: या लोकांचं करायचं काय, आणि त्यांचा दर्जा काय?

या किनाऱ्याला असले प्रश्न नवे नव्हते. १७७५ मध्ये ब्रिटिश गव्हर्नर लॉर्ड डन्मोरने नॉरफोकजवळ जहाजावरूनच जाहीर केलं होतं की बंडखोरांचे गुलाम ब्रिटिश सैन्यात आले तर त्यांना स्वातंत्र्य मिळेल. (बंडखोरांचेच बरं का, राजनिष्ठांचे गुलाम जिथल्या तिथे.) १८१४ मध्ये ब्रिटिश अ‍ॅडमिरल कॉक्रेनने चेसापीकच्या उपसागरात तोच मार्ग धरला. तेव्हा अमेरिकेचं सरकार काय म्हणत होतं? युद्धात शत्रूचे गुलाम मुक्त करणं राष्ट्रांच्या कायद्याला धरून नाही, आमची मालमत्ता परत द्या. ते युद्ध संपवणाऱ्या गेंटच्या तहावरून वाद रशियाच्या झारपुढे गेला, निकाल अमेरिकेच्या बाजूने लागला आणि १८२६ च्या करारानुसार ब्रिटनने सुमारे १२ लाख डॉलर भरपाई दिली. परराष्ट्रमंत्री म्हणून हा दावा लढवणारे जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स पुढे काँग्रेसचे सदस्य झाले आणि १८४२ मध्ये त्यांनी सभागृहात नेमकं उलट सांगितलं: युद्ध पेटलं की युद्धाधिकाराखाली गुलामांना मुक्त करता येतं. लिंकनने वापरला तो अ‍ॅडम्सचा हा दुसरा युक्तिवाद. त्यांचाच पहिला युक्तिवाद विरोधी पक्षाच्या वकिलांना आयता उपलब्ध होता.

आता हॅम्प्टनकडे परतू. ऑगस्ट १८६१ मध्ये बंडखोरांच्या जनरल मॅग्रूडरने गाव जाळलं. त्याच राखेत, उभ्या राहिलेल्या धुराड्यांच्या आधाराने, पळून आलेल्यांनी झोपड्या बांधल्या. किल्ल्याच्या कामावर पुरुषांना मजुरी ठरली, पण बरीचशी रक्कम बायकामुलांच्या निधीच्या नावाखाली कापून घेतली जाई. या वस्तीतल्या माणसांचा १ जानेवारी १८६३ चा दर्जा एकच नव्हता. धनी कोण आणि त्याने काय केलं यावर तो ठरत होता. गुलामाने काय केलं, हा प्रश्न बहुतेक वेळा दुय्यम होता.

पहिला गट त्या तिघांसारख्यांचा. ६ ऑगस्ट १८६१ च्या पहिल्या जप्ती कायद्याने म्हटलं की धन्याने गुलामाला बंडाच्या लष्करी कामाला लावलं तर त्याचा त्याच्या श्रमावरचा दावा संपतो. दावा संपतो, पण माणूस स्वतंत्र होतो असं त्यात कुठेच लिहिलेलं नाही. शिवाय तरतूद 'यापुढे' घडणाऱ्या गोष्टींची, आणि सूएल्स पॉइंटचं काम तर मे महिन्यातलं. ज्यांच्यामुळे हा कायदा सुचला तेच तिघं, काटेकोर वाचलं तर, त्याच्या बाहेर राहतात!

दुसरा आणि सगळ्यात मोठा गट म्हणजे ज्यांचे धनी बंडाला सामील होऊन बंडखोरांच्या राजधानीकडे, रिचमंडकडे निघून गेले ते लोक. त्यांना १७ जुलै १८६२ च्या दुसऱ्या जप्ती कायद्याचं ९ वं कलम लागू होतं. बंडखोराचा गुलाम संघराज्याच्या सैन्याच्या हद्दीत आश्रयाला आला, किंवा धनी त्याला सोडून पळाला, तर तो युद्धकैदी समजला जाईल आणि कायमचा मुक्त होईल. 'कायमचा' हा शब्द कलमातच आहे. या लोकांना जानेवारीच्या जाहीरनाम्याची गरजच नव्हती, कारण सहा महिन्यांपूर्वीच काँग्रेसने त्यांना मोकळं केलं होतं. माझ्या मते त्यांचा कागद लिंकनच्या कागदापेक्षा भक्कम होता. जाहीरनामा एका माणसाच्या युद्धाधिकारावर उभा होता, हा कायदा दोन्ही सभागृहांनी मंजूर केलेला. कमतरता पुराव्याची. धनी बंडखोर होता हे कोणी, कुठे, कोणापुढे सिद्ध करायचं याची सोय कायद्याने केलीच नव्हती.

तिसरा गट खरा कसोटीचा. धनी घरीच राहिला, संघराज्याशी निष्ठेची शपथ घेतली, बंडात भाग घेतला नाही. त्याचा गुलाम १ जानेवारीला कायद्याने गुलामच होता आणि २ जानेवारीलाही. पण धनी त्याला छावणीतून आणणार कसा? १३ मार्च १८६२ पासून सैनिकांनी पळालेले गुलाम परत करण्यावर बंदी होती. दुसऱ्या जप्ती कायद्याच्या १० व्या कलमाने तर धन्याचा दावा खरा की खोटा हे ठरवण्याचाच अधिकार लष्करी अधिकाऱ्याकडून काढून घेतला. गुलाम परत दिला तर अधिकाऱ्याची नोकरी जाणार. त्याच वेळी १८५० चा पळालेले गुलाम परत देण्याचा कायदा पुस्तकात जिवंतच होता. तो रद्द झाला जून १८६४ मध्ये. म्हणजे हक्क धन्याकडे होता, पण तो बजावून देणारा कोणी नव्हता. आपल्याकडे १८४३ च्या ५ व्या कायद्याने कंपनी सरकारने हीच रीत वापरली होती: गुलामाला मुक्त म्हटलं नाही, धन्याच्या हक्काला न्यायालयाचं दार बंद केलं. फरक एवढाच की हॅम्प्टनमधलं बंद दार छावणीचं होतं, आणि छावणी उठली की ते उघडणार होतं.

चौथा गट सैनिकांचा. संघराज्याच्या सैन्याचा निळा गणवेश चढवणारा बंडखोराचा गुलाम स्वतः सुटत होता. बायकामुलांचं स्वातंत्र्य मात्र १८६२ च्या मिलिशिया कायद्याने पुन्हा त्यांच्या धन्याच्या निष्ठेवर लटकत ठेवलं होतं. ती अट ३ मार्च १८६५ ला, युद्ध संपायला महिना उरला असताना गेली.

या पार्श्वभूमीवर सॅमन चेसचं पत्र वाचायला हवं. चेस लिंकनचा अर्थमंत्री, पक्का गुलामीविरोधी. १८६३ च्या उन्हाळ्यात त्याने आग्रह धरला की व्हर्जिनिया आणि लुइझियानातले वगळलेले भाग आता जाहीरनाम्यात घ्यावेत. २ सप्टेंबर १८६३ च्या लिंकनच्या उत्तराचा सारांश असा: जाहीरनाम्याला लष्करी निकडीखेरीज कुठलाही घटनात्मक आधार नाही. वगळलेल्या भागांत ती निकड नव्हती, आजही नाही. तरीही मी हे पाऊल उचललं, तर मला ते राजकीयदृष्ट्या सोयीचं आणि नैतिकदृष्ट्या योग्य वाटतं यापलीकडे माझ्याकडे कारण काय उरेल? मग मी घटनेचा आणि कायद्याचा सगळाच आधार सोडून अमर्याद सत्तेच्या मोकळ्या रानात उभा नसेन का?

पत्र उत्तम आहे, आणि लिंकनवर 'जिथे सत्ता नव्हती तिथे मुक्त केलं, जिथे होती तिथे गुलाम ठेवलं' असा शेरा मारणाऱ्यांना त्यात उत्तर आहे. शत्रूची मालमत्ता शत्रूकडूनच घेता येते. जो शत्रू नाही त्याच्याकडून घ्यायची तर रीतसर प्रक्रिया आणि भरपाईशिवाय मालमत्ता घेऊ न देणारी घटनेची पाचवी दुरुस्ती आडवी येते. तो शेरा वस्तुस्थिती म्हणूनही चुकीचा आहे. दक्षिण कॅरोलिनातलं पोर्ट रॉयल आणि ब्यूफर्टची बेटं संघराज्याच्याच ताब्यात होती, कंसात नव्हती, आणि तिथले हजारो लोक त्याच दिवशी मुक्त झाले.

पण इथेच पत्रातली मेख दिसते. हॅम्प्टन ताब्यात, पोर्ट रॉयलही ताब्यात. मग एकीकडे निकड नाही आणि दुसरीकडे आहे, हे कसं? टेनेसी राज्य अख्खं वगळलं, तेव्हा त्याचा बराच भाग बंडखोरांच्या हातात होता. लष्करी निकड हाच निकष असता तर टेनेसी जाहीरनाम्यात सगळ्यात आधी यायला हवं होतं. खरा निकष सप्टेंबर १८६२ च्या प्राथमिक जाहीरनाम्यात आहे: ज्या राज्याचे रीतसर निवडलेले प्रतिनिधी काँग्रेसमध्ये बसलेले असतील ते बंडात नाही असं मानलं जाईल. एलिझाबेथ सिटी ज्या मतदारसंघात होतं त्याचे प्रतिनिधी म्हणून जोसेफ सेगर १८६२ मध्ये सभागृहात बसले होते. न्यू ऑर्लीन्सभोवतीच्या भागात डिसेंबर १८६२ मध्ये निवडणूक झाली; तिथले तेरा पॅरिशही (लुइझियानात काउंटीला पॅरिश म्हणतात) कंसात गेले. टेनेसीत अँड्र्यू जॉन्सन लष्करी गव्हर्नर म्हणून निष्ठावंतांचं सरकार उभं करत होता आणि त्याला सूट हवी होती. म्हणजे कंस सैन्याच्या ताब्याप्रमाणे आखलेला नाही. जिथे संघराज्यनिष्ठ सरकार उभं राहात होतं त्याला जपण्यासाठी तो आखला आहे. राजकीय सोय हा आधार चालत नाही असं चेसला सांगणाऱ्या लिंकनने सूट देताना मात्र तोच आधार वापरला होता. याला मी लबाडी म्हणणार नाही. मुक्त करायला अधिकार लागतो, न करायला लागत नाही. सूट कुठल्याही कारणाने देता येते. पण 'निकड नव्हती' हे अर्धंच कारण होतं, एवढं नोंदवायला हवं.

कंसातल्या लोकांना या बारकाव्यांचं काय? नॉरफोक शहराचं नाव जाहीरनाम्यात वगळलेलं म्हणून स्पष्ट लिहिलेलं होतं, तरी १ जानेवारीला तिथले हजारो कृष्णवर्णीय लोक मिरवणूक काढून रस्त्यावर उतरले. सगळ्यांनी मजकूर वाचला नसेल असं म्हणायला जागा आहे. मला वाटतं, वाचूनही ते निघाले असते. शेजारच्या काउंटीतला गुलाम मुक्त असताना आपल्याला कोणी बांधून ठेवू शकणार नाही, हा त्यांचा हिशेब कायद्यात बसत नव्हता, पण व्यवहारात अचूक ठरला.

जाहीरनाम्याच्या आत असलेल्यांचं भवितव्य तरी पक्कं होतं का? सर्वोच्च न्यायालयाने मार्च १८६३ मध्ये बंडखोरांच्या बंदरांच्या नाकेबंदीवरून झालेल्या खटल्यांत बंडखोर प्रदेशाला शत्रुप्रदेश मानता येतं असं ठरवलं, पण फक्त ५ विरुद्ध ४ मतांनी. सरन्यायाधीश अजून टॉनीच होता, कृष्णवर्णीय लोक अमेरिकेचे नागरिक असूच शकत नाहीत असं ठरवणारा १८५७ चा ड्रेड स्कॉटचा निकाल देणारा. त्या निकालाला विरोध नोंदवणारे बेंजामिन कर्टिस यांनीही, तोवर न्यायपीठ सोडलेलं असताना, जाहीरनामा घटनाबाह्य असल्याचं पत्रक काढलं. गुलामीचा प्रश्न आणि अधिकाराचा प्रश्न वेगळे आहेत हे त्या काळी सगळ्यात स्वच्छ दिसलं ते बहुधा कर्टिसना.

याचं सगळ्यात उघड बोलणं झालं तेही फोर्ट मन्रोसमोरच्या पाण्यात. ३ फेब्रुवारी १८६५ रोजी 'रिव्हर क्वीन' या आगबोटीवर लिंकन आणि परराष्ट्रमंत्री सूअर्ड बंडखोरांच्या तीन प्रतिनिधींना भेटले. त्यांच्यातल्या अलेक्झांडर स्टीफन्सने पुढे लिहून ठेवलेल्या वृत्तांताप्रमाणे त्याने विचारलं, युद्ध थांबलं तर जाहीरनाम्याचं काय? लिंकन म्हणाला, ते न्यायालयं ठरवतील. आपलं मत असं की हा युद्धोपाय आहे. युद्ध संपलं की पुढे तो लागू राहणार नाही, आणि युद्ध चालू असताना जे प्रत्यक्ष त्याच्या कक्षेत आले तेवढ्यांनाच तो लागू झाला असंही न्यायालय म्हणू शकेल. तोवर असे लोक सुमारे दोन लाख आहेत, असा आकडा सूअर्डने सांगितला. कागदावर जाहीरनामा तीस लाखांहून जास्त लोकांना लागू होता. मधले अठ्ठावीस लाख कुठे जाणार होते, हे त्या बोटीवर कोणीच ठामपणे सांगू शकलं नाही.

पण सूअर्ड एक बातमीही घेऊन आला होता: तीनच दिवसांपूर्वी, ३१ जानेवारीला, प्रतिनिधिगृहाने देशभर गुलामी बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती ११९ विरुद्ध ५६ मतांनी मंजूर केली होती. लिंकनने तिच्यासाठी एवढा आटापिटा का केला याचं कारण वरच्या परिच्छेदात आहे. ६ डिसेंबर १८६५ ला तिला पुरेशा राज्यांची मान्यता मिळाली आणि जाहीरनाम्याची वैधता हा प्रश्नच उरला नाही. ती थेट तपासणारा निकाल सर्वोच्च न्यायालयाने कधी दिलाच नाही. केंटकी आणि डेलावेअर ही निष्ठावंत राज्यं शेवटपर्यंत गुलामी धरून बसली होती. तिथेही दुरुस्तीनेच ती संपली. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती युनायटेड स्टेट्समधल्या सदाचारी लोकांना, कुणा एका राष्ट्राध्यक्षाला नव्हे. कायद्याच्या नोंदी पाहिल्या तर ते बरोबरच होतं.

आणि एलिझाबेथ सिटी काउंटी? तिची सुटका दुरुस्तीच्याही आधी झाली होती. फ्रान्सिस पिअरपॉंटच्या निष्ठावंत व्हर्जिनिया सरकारने, म्हणजे ज्याच्या सोयीसाठी कंस उघडला त्याच सरकारने, १८६४ मध्ये अलेक्झांड्रियात मूठभर प्रतिनिधींची परिषद भरवून राज्यघटनेतून गुलामी काढून टाकली. ही घटना चालली ती संघराज्याच्या ताब्यातल्या भागांपुरतीच. तेव्हा तिसऱ्या गटातल्या माणसाला, निष्ठावंत धन्याच्या गुलामाला, युद्धावर न टांगलेला आधार मिळाला.

एक शेपूट मात्र उरलं. चौदाव्या दुरुस्तीने १८६८ मध्ये मुक्त झालेल्या गुलामांबद्दलची भरपाई मागायला धन्यांना मनाई केली. सरकारकडून कोणाला छदाम मिळणार नव्हता. पण ज्यांनी युद्धाच्या तोंडावर उधारीवर गुलाम विकत घेतले होते त्यांच्या वचनचिठ्ठ्यांचं काय? १८७२ मध्ये ऑसबर्न विरुद्ध निकल्सन या खटल्यात असा व्यवहार सर्वोच्च न्यायालयापुढे आला. आर्कान्सॉमधला, १८६१ मधला सौदा; विकणाऱ्याने हमी दिली होती की माणूस 'जन्मभराचा गुलाम' आहे. घेणारा म्हणाला, तो तर मोकळा झाला, मी पैसे का देऊ? न्यायालयाने सांगितलं की सौदा झाला त्या दिवशी तो वैध होता आणि हमी खरी होती; नंतर सरकारने जमीन घेतली तर विकणारा जबाबदार नसतो, तसंच हे. पैसे भरा. त्यानंतर बॉइस विरुद्ध टॅब या लुइझियानातल्या खटल्यातही तेच ठरलं. ऑसबर्न खटल्यात विरोधी मत नोंदवणारा एकटा न्यायाधीश होता तो लिंकनचा तोच अर्थमंत्री, आता सरन्यायाधीश झालेला सॅमन चेस. माणूस विकण्याच्या करारांना गुलामीच्या कायद्याखेरीज आधार नव्हता आणि तो कायदा तेराव्या दुरुस्तीने मुळासकट उपटला आहे, असं त्याचं म्हणणं होतं. ते मान्य झालं नाही, आणि चिठ्ठ्यांची वसुली चालू राहिली.